जड पाणी आणि आपले केस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की विषय जरा भारदस्त असावा अशी प्रथा आहे. स्त्रीशिक्षण घ्यावे, संस्कार घ्यावे, फार तर आहारशास्त्र घ्यावे. पण चिटणीसबाई मला निमंत्रण द्यायला आल्या तेव्हा त्यांनीच विषय हातात ठेवला. म्हणाल्या, "बाई, बुधवारचे भजन संपले की चहा होईपर्यंत एकच बोलणे चालते. बोअरचे पाणी आणि गळणारे केस. तुम्ही शास्त्र शिकवलेले आहे, तर यावरच सांगा." तेव्हा विषय लहान वाटला तर दोष त्यांचा, आणि भाषण लांबले तर माझा.

या टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या आहेत. दोन्हींत पाणी स्वच्छ दिसते आहे. एका बाटलीत मागच्या पावसाळ्यात गच्चीवर धरून ठेवलेले पावसाचे पाणी आहे, दुसरीत आपल्या मंडळाच्या मागच्या बोअरचे. दोन्हींत मी अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकते आणि पुढे बसलेल्या दोन मुलींना हलवायला देते. हलव ग बाळ, लाजू नको. पाहा, पावसाच्या पाण्याला गळ्यापर्यंत फेस आला. बोअरच्या पाण्याला फेस नाहीच, वर पांढरे, फाटलेल्या दुधासारखे कण तरंगताहेत. शाळेच्या पुस्तकात आपण पहिल्याला सुफेन आणि दुसऱ्याला दुष्फेन पाणी म्हणत होतो. घरात त्यालाच जड पाणी म्हणतात, कोणी क्षाराचे पाणी म्हणते. मचूळ पाणी मात्र निराळे. मचूळ म्हणजे मिठाच्या अंशाने चव बिघडलेले. जड पाणी चवीला कित्येकदा गोडही लागते, म्हणून तर ते फसवते.

हा जडपणा कोठून येतो? आपल्या पायांखाली काळा कातळ आहे आणि काळ्या मातीत चुनखडीचे खडे आहेत. पावसाचे पाणी मातीतून उतरताना तिथला कार्बन डायऑक्साइड वायू घेते, किंचित आंबट होते, आणि त्या आंबटपणाने दगडातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. जितके खोल आणि जितका काळ ते मुरून राहील, तितके जड. म्हणून धरणाचे पाणी बहुधा हलके असते आणि खोल बोअरचे जड. माझे माहेर रत्नागिरीकडचे. तिथे जांभा दगड, आणि विहिरीचे पाणी इतके हलके की साबण लावला की तो धुता धुता निघत नसे. लग्न होऊन लातुरात आले आणि पहिल्याच न्हाण्याला केस हाताला चिप्प लागले, तेव्हा मला वाटले शिकेकाई भेसळीची आहे.

आपल्या गावाने पाण्याचे काय काय पाहिले आहे ते मी सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवसांत टँकर जिथून मिळेल तिथून भरून येई, आणि पाणी जड की हलके हे विचारण्याची कोणाला सोय नव्हती. आजही मांजरा धरणाचे नळाचे पाणी आपण पिण्याला आणि स्वयंपाकाला जपून ठेवतो, आणि न्हाणीघरात बोअर चालू करतो. यात चूक काही नाही. तहान आधी, केस मागून.

आता केसांवर काय होते ते पाहू. केस हा वरून गुळगुळीत दिसला तरी त्याच्यावर बारीक खवले असतात, घरावर कौले असतात तशी, एकावर एक टेकलेली. कौले नीट बसलेली असली की केस चमकतो आणि फणी सरकते. साबण म्हणजे तेलातील आम्ल आणि सोडा यांचे मीठ. ते जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळाले की न विरघळणारी साय तयार होते, ती या बाटलीत वर तरंगते आहे तीच. ही साय या कौलांच्या सांध्यांत बसते. पाणी कितीही ओतले तरी निघत नाही, कारण ती पाण्यात विरघळणारीच नाही. शिवाय साबण अल्कधर्मी, त्याने कौले उचलली जातात. मग केसाला केस अडकतो, गुंता होतो, फणी लावली की तुटतो. केस राठ लागणे, निस्तेज दिसणे, धुऊनही तेलकट वाटणे, डोक्यात पांढरा भुगा दिसणे, हा सारा या सायीचा कारभार आहे. तो भुगा पाहून पुष्कळजणी कोंडा समजतात आणि कोंड्याची औषधे आणतात.

यावर प्रयोग झाले आहेत, पण त्यांचे निकाल एका तोंडाने बोलत नाहीत. २०१३ मध्ये आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी पंधरा स्त्रियांचे केस घेऊन त्यांतले निम्मे जड आणि निम्मे शुद्ध पाण्यात महिनाभर एक दिवसाआड भिजवले आणि ताणून पाहिले. मजबुतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे २०१८ मध्ये सत्तर पुरुषांच्या केसांवरचा प्रयोग छापून आला, त्यात जड पाण्याने केस कमजोर झालेले आढळले. म्हणजे तुटण्याचा धोका थोडाबहुत आहे असे धरून चालावे. पण एक गोष्ट मी ठासून सांगते. जड पाण्याने केसाच्या मुळाला धक्का लागतो, टक्कल पडते, असे काही सिद्ध झालेले नाही. पाणी केसाच्या दांडीचे नुकसान करते. मूळ कातडीच्या आत असते, तिथे त्याचा हात पोचत नाही.

हे मी ठासून का सांगते, त्याला कारण आहे. आमच्या गल्लीत एक नवी सून आली. केस मांडीपर्यंत. वर्षाच्या आत वेणी निम्मी झाली. सासूबाई म्हणाल्या, पाणी मानवले नाही. माहेरचे म्हणाले, तुमच्या बोअरने आमच्या पोरीचे केस घालवले. यावरून दोन्ही घरांत अबोला धरण्यापर्यंत वेळ आली. न्हाणीघरात गाळणी बसली, तीन तऱ्हेची तेले आली, एका दुकानातून महिन्याला हजार रुपयांची बाटली येऊ लागली. ती मुलगी एकदा माझ्याकडे वाचायला पुस्तक मागण्यासाठी वरच्या मजल्यावर आली आणि दारात धापा टाकत बसली. वीस पायऱ्यांना धाप! मी तिची पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन सात निघाले. सात, आणि घरात सगळे पाण्यावर भांडत होते.

आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न स्त्रियांना रक्त कमी असल्याचे आढळले. म्हणजे या सभागृहात आपण बसलो आहोत त्यांतही काहीजणी असणारच. रक्त कमी, थायरॉइडचा बिघाड, बाळंतपणानंतरचे दोन-चार महिने, टायफॉइड किंवा डेंग्यूसारख्या तापानंतरचा काळ, एकदम उपाशी राहून वजन उतरवणे, मोठा मानसिक धक्का, ही केस मुळापासून गळण्याची कारणे आहेत. तापाचा केस दोन-तीन महिन्यांनी गळतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तोवर समोर असते ते पाणी, म्हणून आळ त्याच्यावर. दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस गळणे हे तर रीतीचेच आहे. आठ दिवसांनी न्हायले की आठवड्याचे एकदम हाती येतात आणि आपण घाबरतो.

तेव्हा घरी गेल्यावर फणीतले केस उजेडात नेऊन पाहा. केस पूर्ण लांबीचा असून टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो मुळातून आला आहे. असे केस मूठमूठ येत असतील तर न्हाणीघराकडे पाहू नका, दवाखान्यात जा आणि रक्त तपासा. आखूड तुकडे असतील, ठिपका नसेल, टोक फाटलेले असेल, तर ते तुटलेले केस आहेत. तिथे पाणी, साबण, ओल्या केसांत घातलेली बारीक दातांची फणी, रंग आणि केस सरळ करण्याची तापलेली यंत्रे यांच्याकडे संशयाने पाहावे. (फणीचे नाव मुद्दाम घेतले. ओल्या केसांत बारीक फणी ओढणाऱ्या निम्म्या बायका या सभागृहात आहेत आणि त्या पाण्याला नावे ठेवतात.)

त्या मुलीचे पुढे काय झाले म्हणाल, तर लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताचे औषध झाले, पाळीचा जास्तीचा स्राव होता त्यावर उपचार झाले. वर्ष लागले. वेणी पूर्वीइतकी नाही, पण ती जिना चढून येते आणि पुस्तके वेळेवर परत करते.

आता ज्यांचे केस खरोखरच पाण्याने राठ होतात त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, डोक्याला अंगाचा साबण लावू नका. ज्या वडीवर शिकेकाईचे चित्र असते तीही बहुधा साबणाचीच वडी असते, तिच्यातही साय धरणारच. खरी शिकेकाई आणि रिठा यांचे तसे नाही. त्यांचा फेस साबणाचा नाही, त्यांतल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा आहे, आणि तो कॅल्शियमशी मिळून साय धरत नाही. शिवाय शिकेकाईचे पाणी किंचित आंबट असते, म्हणजे कौले बसती करणारे. आपल्या आज्यांच्या पिढीला रसायन ठाऊक नव्हते, पण विहिरीच्या जड पाण्यात काय चालते आणि काय नाही हे त्यांना हाताने ठाऊक होते. शेंगा रात्री भिजवाव्या, सकाळी उकळाव्या, कुस्करून फडक्यातून गाळाव्या. गाळायचा कंटाळा केला तर भुकटी केसांत अडकते आणि ती निघायला दोन बादल्या लागतात. रिठा डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबतो.

शाम्पूला मी नावे ठेवणार नाही. त्यातला फेस करणारा पदार्थ साबण नसतो, त्यामुळे जड पाण्यातही त्याची साय धरत नाही. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत घटक असतात, त्यांत ईडीटीए हे नाव दिसले तर चांगले. ते द्रव्य कॅल्शियमला चिमट्यात धरल्यासारखे धरून ठेवते. बाटलीच्या पुढच्या बाजूला फुलांची आणि मोत्यांची चित्रे असतात, तिकडे पाहण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, शेवटचा तांब्या. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण याला पैसा लागत नाही. सगळे न्हाणे चांगल्या पाण्याने करा असे सांगणे आपल्या गावात पाप आहे. पण मळ काढायला बोअरचे पाणी चालते. केसांवर शेवटी जे पाणी सुकते त्यातले क्षार केसांवर राहतात. तेव्हा शेवटचे एक-दोन तांबे तेवढे हलक्या पाण्याचे घ्या. नळाचे पाणी येते त्या दिवशी एक कळशी न्हाण्यासाठी बाजूला काढली की दोन मुली आणि आई यांचे भागते. पावसाळ्यात तर पन्हाळीखाली घंगाळ ठेवायचे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी जाऊ द्यावे, गच्चीची धूळ आणि पाखरांची घाण त्यात येते. पुढचे फडक्याने गाळून झाकून ठेवावे.

नळ नाही, पाऊस नाही, तर बोअरचेच पाणी दहा-पंधरा मिनिटे खळखळून उकळा, गार होऊ द्या आणि वरचे निवळ ओतून घ्या. जडपणाचे दोन प्रकार आहेत. एक बायकार्बोनेटचा, तो उकळल्याने खाली बसतो. चहाच्या पातेल्याला आणि पाणी तापवायच्या कांडीला जो पांढरा थर धरतो तो हाच. दुसरा सल्फेट आणि क्लोराइडचा, तो उकळून जात नाही. म्हणून उकळण्याने काही घरी पुष्कळ गुण येईल, काही घरी थोडा.

तिसरी गोष्ट आंबटाची. अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस किंवा एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर एक लिटर पाण्यात घालून दहा-पंधरा दिवसांतून एकदा धुतलेल्या केसांवरून ओतावे, दोन मिनिटे थांबावे आणि हलक्या पाण्याने धुऊन टाकावे. साय आंबटाने फुटते. घरी नळाच्या तोटीवरचा पांढरा थर आपण लिंबाच्या सालीने काढतो, तेच हे. मात्र लिंबू कच्चे चोळू नये, डोक्यावर खरचटलेले किंवा फोड असतील तर लावू नये, आणि लिंबाचे पाणी अंगावर तसेच ठेवून उन्हात जाऊ नये, कातडीवर काळे डाग पडतात. रोज तर मुळीच करू नये.

न्हाण्याआधी खोबरेल लावण्याची आपली चाल चांगली आहे. मुंबईच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातले प्रथिन कमी जाते. सूर्यफुलाचे आणि खनिज तेल तसे करत नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही तुम्हाला सांगून टाकते, पण प्रयोग नीट केलेला आहे. तेल बेताचे लावावे. डोक्यावरून ओघळेल इतके लावले की ते काढायला दुप्पट शाम्पू लागतो.

आता काय करू नये. तुरटी फिरवून पाणी हलके होते असा समज घरोघरी आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. जडपणा जात नाही, उलट उकळून जाणाऱ्यातला थोडा न जाणारा होऊन बसतो. धुण्याचा सोडा कपड्यांना ठीक, डोक्याला नको. आणि एक अलीकडची गोष्ट. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते ते काटकसरीच्या पोटी न्हाणीघरात नेऊ नका. सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात, ते बोअरहूनही जड. त्याने अंगण धुवा.

मागच्या महिन्यात आपल्या वसाहतीत एक गृहस्थ शॉवरला लावायची गाळणी विकायला आले होते. त्यांनी एक लहानसे यंत्र पाण्यात बुडवून आकडा दाखवला आणि चार घरांनी गाळण्या घेतल्या. ते यंत्र पाण्यात एकंदर क्षार किती आहेत एवढेच सांगते. त्यातले जडपणाचे किती, मिठाचे किती, ते सांगत नाही. आता हिशेब करू, कारण हिशेबाला कोणी फसवू शकत नाही. पाण्याचा जडपणा लिटरला चारशे मिलिग्रॅम धरा. पंधरा लिटरच्या बादलीत सहा ग्रॅम झाला, म्हणजे चमचाभर खडूची भुकटी. जडपणा खरोखर काढणारी जी रेझिन असते ती पाव लिटर घेतली तरी साधारण बारा-पंधरा ग्रॅम धरते. दोन-अडीच बादल्या झाल्या की तिची ताकद संपली, मग तिला मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावे लागते. मुठीएवढी गाळणी सहा महिने जडपणा काढते असे कोणी म्हणाले तर त्याला बादल्या मोजायला सांगा. गाळ आणि क्लोरीनचा वास ती काढील, ते निराळे.

मोठे यंत्र, ज्यात मिठाची गोणी लागते, ते काम करते. एखाद्या वसाहतीने मिळून घेतले तर परवडते. पण त्यातून येणारे पाणी न्हाण्याधुण्याला. पिण्याला ते नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते, आणि रक्तदाबाच्या माणसांना ते बरे नाही. जड पाणी पिण्याला घातक नाही, हे या निमित्ताने सांगते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला दोनशे मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला समजतात, दुसरी सोयच नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घेतात. आपल्या मंडळाचे बोअर मी तपासले. ते दोनशेच्या पुष्कळ वर आणि सहाशेच्या आत आहे. तुरीची डाळ शिजायला वेळ का लागतो याचा उलगडा त्यातून काहीजणींना झाला असेल.

तपासण्याची पेटी मी आणली आहे. बाटलीत पाणी घ्यायचे, भुकटी टाकायची, पाणी दारूसारखे तांबडे होते. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. निळे झाले की थांबायचे. थेंब जितके जास्त, तितके पाणी जड. मोजायला सातवीची मुलगीही पुरते.

तेव्हा येत्या बुधवारी भजनाला येताना ज्यांना घरचे पाणी तपासायचे असेल त्यांनी लहान बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून भरून आणावी आणि तिच्यावर घराचे नाव व बोअर, नळ की टँकर हे लिहावे. साबणाची किंवा औषधाची रिकामी बाटली आणू नये. चिटणीसबाईंनी त्याच दिवशी तालुक्याच्या आरोग्यसेविकेला बोलावले आहे, ती बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन सांगेल. पाण्याची बाटली विसरली तरी चालेल, पण सुनांना आणि मुलींना बरोबर आणा. स्वतःही बोट पुढे करा. चहा त्यानंतर मिळेल.